फ्राय, ड्वाइट

(२२ फेब्रुवारी १८९९ – ७ नोव्हेंबर १९४३). अमेरिकन रंगभूमीवरील व चित्रपटांतील एक अभिनेता. १९३१ साली प्रदर्शित झालेल्या ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ या दोन भयपटांतील दुय्यम भूमिकांमुळे तो प्रसिद्धीस आला. भयपटांत पुढे रूढ झालेली वेडसर, विद्रूप, धन्याच्या आज्ञेत वागणाऱ्या व अखेरीस भीषण मरण पावणाऱ्या सेवकाची प्रतिमा मुख्यतः त्याच्या अभिनयातून घडली. तथापि हीच प्रतिमा त्याच्या पुढील व्यवसायाच्या आड आली. प्रमुख नायकाची भूमिका त्याला चित्रपटात कधीच मिळाली नाही व त्याने काम केलेल्या अनेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्याचे नावही आढळत नाही. हॉलिवुडच्या व्यवसायपद्धतीत दुय्यम नटाच्या वाट्यास येणाऱ्या साचेबंद भूमिकांचे उदाहरण म्हणून त्याची कारकीर्द उल्लेखनीय ठरते.

त्याचा जन्म कॅनझस राज्यातील सलायना येथे झाला. बालपण कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर या शहरात गेले. लहानपणापासून तो पियानोवादनात निपुण होता आणि त्याने वादनाचाच व्यवसाय करावा, अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु त्याचा ओढा नाटकाकडे वळला. त्याच्या मूळ आडनावाच्या अखेरीस ‘ई’ हे रोमन अक्षर नव्हते. रंगभूमीवर आल्यानंतर त्याने ते जोडून घेतले.

डेन्व्हरमधील एका नाटकमंडळीत त्याने पहिले धडे घेतले. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांतून अशा कायम वास्तव्याच्या नाटकमंडळ्या असत. प्रायः दर आठवड्यास त्या नवे नाटक रंगभूमीवर आणीत. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, सायंकाळी चालू नाटकाचा प्रयोग आणि रात्री पुढच्या संवादांचे पाठांतर, असा नटांचा दिनक्रम असे. एकाच मोसमात म्हातारा, विदूषक, प्रियकर व खलपुरुष अशा सर्व प्रकारच्या भूमिका त्यांना कराव्या लागत. या उमेदवारीतून आलेले वैविध्य हे फ्रायचे खरे भांडवल होते. चित्रपटसृष्टीस त्याचा उपयोग करून घेता आला नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तो १९२२ मध्ये आला. त्याच वर्षी ब्रॉक पेम्बर्टन या निर्मात्याने लुईजी पीरांदेल्लो या इटालियन नाटककाराचे ‘सिक्स कॅरेक्टर्स इन सर्च ऑफ ॲन ऑथर’ हे नाटक इंग्रजीत प्रथमच अमेरिकन प्रेक्षकांपुढे ठेवले. लेखकाने अर्धवट सोडून दिलेली सहा पात्रे आपले नाटक पुरे करून मागण्यासाठी रंगमंचावर येतात, अशी त्याची कल्पना आहे. त्यांपैकी मुलाची भूमिका फ्रायने केली. हा मुलगा आपल्या कुटुंबाच्या नाटकात भाग घ्यावयास नाखूश असतो; पण रंगमंच सोडून त्याला जाताही येत नाही. ‘रीटा कॉव्हेन्ट्री’ (१९२३) या नाटकात पियानो जुळविणाऱ्या तरुणाच्या भूमिकेत त्याचे वादनकौशल्य उपयोगी पडले. जेरोम कर्न याचे संगीत असलेल्या ‘सिटिंग प्रिटी’ (१९२४) या संगीतिकेत त्याने विनोदी भूमिका केली. ‘ए मॅन्स मॅन’ (१९२५) या नाटकात जोझेफिन हचिन्सन या अभिनेत्रीसमवेत तो नायक होता. न्यूयॉर्क शहरातील एका सामान्य तरुण जोडप्याची ही वास्तववादी कथा आहे. ‘द डेव्हिल इन द चीज’ (१९२६) या नाटकात हंगेरीहून आलेला नट बेला लुगोसी त्याचा सहकलाकार होता. पाच वर्षांनी हे दोघे अगदी वेगळ्या नात्याने पुन्हा एकत्र यावयाचे होते.

१९२८ मध्ये त्याने लॉरेट बुलिव्हंट या अभिनेत्रीशी विवाह केला. त्यांना एक मुलगा झाला. मूकपटांचे युग संपून बोलपटांचा जमाना सुरू होत होता आणि शब्दोच्चारात तरबेज अशा नाट्यनटांना हॉलिवुडमध्ये मागणी आली होती. १९२९ च्या आर्थिक मंदीने न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर अवकळा आणल्यामुळे या स्थलांतरास आणखी वेग आला. फ्रायही कॅलिफोर्नियास गेला. ‘द डोअरवे टू हेल’ (१९३०) या गुन्हेगारी चित्रपटातील बंदूकधारी गुंड ही त्याची आरंभीची एक लक्षात राहिलेली भूमिका. मात्र त्याचे नाव झाले, ते युनिव्हर्सल या संस्थेच्या ‘ड्रॅक्युला’ मुळे.

ब्रॅम स्टोकर याच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीत रेनफील्ड हे पात्र वेड्यांच्या इस्पितळातील एक रुग्ण म्हणून येते. माश्या व कोळी खाणारा हा रुग्ण त्या रक्तपिपासू सरदाराच्या दूरस्थ प्रभावाखाली असतो. कादंबरीच्या नाट्यरूपांतराचा प्रयोग १९२७ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला, तेव्हा बर्नार्ड ज्यूक्स या नटाने ही भूमिका केली होती. टॉड ब्राउनिंगने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाच्या पटकथेत एक महत्त्वाचा बदल करण्यात आला. ट्रान्सिल्व्हेनियातील किल्ल्यावर घरखरेदीची कागदपत्रे घेऊन जाणारा इसम कादंबरीत जोनथन हार्कर हा आहे. चित्रपटात तो रेनफील्ड झाला. या बदलामुळे वेड लागण्यापूर्वीचा आणि नंतरचा अशा दोन्ही अवस्थांतील माणूस प्रेक्षकांपुढे आला व एका साध्या दुय्यम भूमिकेला आदि, मध्य आणि अंत प्राप्त झाला.

फ्रायने या संधीचे चीज केले. आरंभीच्या प्रसंगांत तो नीटनेटका, काहीसा नाजूक, गावकऱ्यांच्या भीतीस हसून उडवून लावणारा कारकुनी वृत्तीचा तरुण दिसतो. पुढे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यास लागते, सर्व खलाशी मेलेले आढळतात आणि तळघराचे झाकण उघडल्यावर जिन्याच्या पायथ्याशी उभा असलेला रेनफील्ड वर पाहत हसतो. दात आवळून, घशातल्या घशात काढलेले हे हसू त्याच्या कारकीर्दीची खूणच होऊन बसले. ‘ड्रॅक्युला’ त शीर्षके व नाट्यगृहातील प्रसंग वगळता पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. त्यामुळे त्या शांततेत माणसाच्या आवाजाला विलक्षण महत्त्व आले आहे. लुगोसीचा संथ, परकीय वळणाचा उच्चार आणि फ्रायचा गहिवरापासून किंकाळीपर्यंत चढत जाणारा आवाज या दोहोंवर चित्रपटाची भीषणता बव्हंशी उभी आहे. उत्तरार्ध नाटकाप्रमाणे दिवाणखान्यात अडकून पडतो, अशी टीका या चित्रपटावर नेहमी होते आणि ती रास्त आहे. मात्र रेनफील्ड खोलीत येताच प्रसंगास पुन्हा जीव येतो. धन्याविषयीची भक्ती, त्याची भीती आणि नायिकेला वाचविण्याची अर्धीमुर्धी इच्छा हे तिन्ही भाव फ्राय एकाच वाक्यात दाखवू शकतो.

त्याच नेपथ्यावर त्याच पटकथेची एक स्पॅनिश आवृत्ती रात्रीच्या वेळी स्वतंत्र नटसंचाकडून चित्रित करण्यात येत असे. तीत पाब्लो आल्व्हारेस रुब्यो याने रेनफील्ड रंगविला. त्याच्या मानाने फ्रायचा वेडेपणा अधिक आवरलेला आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणारा आहे. छायालेखनाच्या दृष्टीने मात्र अनेक समीक्षक स्पॅनिश आवृत्तीसच सरस मानतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेम्स व्हेल याने दिग्दर्शित केलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रदर्शित झाला. त्यात फ्रायने शास्त्रज्ञाचा कुबडा मदतनीस फ्रिट्झ ही भूमिका केली. मेरी शेली हिच्या मूळ कादंबरीत (१८१८) असे पात्रच नाही. तेथे शास्त्रज्ञ आपला प्रयोग एकट्याने, चोरून करतो. फ्रिट्झ नावाचा नोकर प्रथम आला तो रिचर्ड ब्रिन्झ्ली पीक याच्या १८२३ मधील लंडन येथील नाट्यरूपांतरात. रंगमंचावर एकट्या शास्त्रज्ञाच्या मनातील विचार सांगण्यास कोणी तरी बोलणारे लागते, ही त्यामागील गरज उघड आहे. तो नोकर विनोदी होता. चित्रपटात तो क्रूर व केविलवाणा झाला.

फ्रिट्झला संवाद थोडेच आहेत. फासावरील प्रेताची दोरी कापण्यास चढणे, आखूड काठीवर भार देत जिने चढणे-उतरणे, विद्यालयातून मेंदू चोरताना दचकून चांगल्या मेंदूचे भांडे फोडणे व गुन्हेगाराच्या मेंदूचे भांडे उचलणे, अशा हालचालींतूनच भूमिका उभी राहते. बाहेर वादळ चालू असताना व कोणी दार ठोठावीत असताना फ्रिट्झ जिन्यावर थांबून आपला घसरलेला मोजा वर ओढतो. क्षणभराची ही कृती राक्षसी वातावरणात त्या माणसाचे सामान्यपण दाखवून जाते. पुढे तोच फ्रिट्झ साखळदंडाने बांधलेल्या कृत्रिम मानवास पेटत्या मशालीने छळतो. तो असे का करतो, याचा खुलासा पटकथेत नाही. जगाने आजवर ज्याला हिणविले, त्याला आपल्याहून हीन असा जीव प्रथमच सापडला आहे, हा अर्थ फ्रायच्या अभिनयातून निघतो. अखेर तो जीव फ्रिट्झला ठार मारतो. बोरिस कार्लॉफने साकारलेल्या कृत्रिम मानवाविषयी प्रेक्षकांना वाटणाऱ्या सहानुभूतीचा आरंभ या छळापासून होतो, हे लक्षात घेता चित्रपटाच्या रचनेत फ्रिट्झचे स्थान वाटते त्याहून मोठे आहे.

या पात्राचे नाव ‘इगोर’ होते, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो बरोबर नाही. ‘इगोर’ हे पात्र ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३९) या चित्रपटात प्रथम आले आणि ते लुगोसीने केले. तो शास्त्रज्ञाचा मदतनीस नसून फाशी जाऊनही वाचलेला, मोडक्या मानेचा एक प्रेतचोर आहे. त्याला कुबडही नाही. नाव लुगोसीच्या पात्राचे आणि रूप व काम फ्रायच्या पात्राचे, असे मिश्रण कालांतराने लोकांच्या स्मरणात झाले. मेल ब्रुक्स याच्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) या विडंबनपटातील मार्टी फेल्डमनचा कुबडा इगोर हे या मिश्रणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. परिणामी फ्रायने घडविलेली प्रतिमा जगभर पोहोचली. पण ती दुसऱ्याच्या नावाने.

१९३१ या एकाच वर्षात त्याने आणखीही निरनिराळी कामे केली. ‘द माल्टीज फाल्कन’ च्या पहिल्या चित्रपटरूपात त्याने विल्मर हा कोवळा बंदूकधारी रंगविला. दहा वर्षांनी जॉन ह्यूस्टनने त्याच कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात ही भूमिका एलिशा कुक याच्याकडे गेली व ती अधिक गाजली. ‘द ब्लॅक कॅमल’ या रहस्यपटात तो नोकराच्या भूमिकेत होता. परंतु निर्मात्यांच्या लेखी तो ‘रेनफील्ड आणि फ्रिट्झ’ एवढाच उरला.

याचे कारण समजण्यासाठी तत्कालीन व्यवसायपद्धती ध्यानात घ्यावयास हवी. मोठ्या चित्रपटसंस्था प्रमुख नटांशी दीर्घ मुदतीचे करार करीत आणि त्यांना निरनिराळ्या भूमिका देऊन त्यांचे मोल वाढविण्यात संस्थेचाही लाभ असे. फ्रायसारखे नट प्रायः चित्रपटागणिक नेमले जात. अशा नटाच्या उत्कर्षात कोणत्याच संस्थेचे हितसंबंध गुंतलेले नसत. पात्रयोजना करणारे अधिकारी चेहऱ्यांची वर्गवारी करून ठेवीत. दुय्यम पात्र पडद्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटे यावयाचे. तेवढ्या अवधीत ते कोण, हे प्रेक्षकाला न सांगता कळले पाहिजे. यासाठी परिचित चेहरा परिचित भूमिकेत घालणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होता. थोड्या भांडवलावर झटपट चित्रपट काढणाऱ्या लहान संस्थांना तर तो अधिकच सोयीचा वाटे. विनोदी भूमिका मिळावी, निदान वेड्या-विद्रूप माणसांच्या भूमिकांतून सुटका व्हावी, अशी इच्छा फ्रायने त्या काळात जाहीरपणे बोलून दाखविली होती. तिचा फारसा उपयोग झाला नाही.

‘द व्हॅम्पायर बॅट’ (१९३३) हा मॅजेस्टिक या लहान संस्थेचा चित्रपट या दृष्टीने बोलका आहे. त्यात फ्राय हा वटवाघळे पाळणारा, मंदबुद्धी पण निरुपद्रवी असा हर्मन झाला आहे. गावात रक्त शोषलेली प्रेते सापडू लागतात आणि केवळ दिसण्या-वागण्यावरून गावकरी त्याला पिशाच ठरवितात. मशाली घेतलेला जमाव पाठलाग करीत असता तो गुहेतील खोल विवरात कोसळून मरतो. खरा गुन्हेगार अर्थात वेगळाच व प्रतिष्ठित असतो. कथेतील गावकऱ्यांप्रमाणे प्रेक्षकही हर्मनवर संशय घेतात, कारण तो फ्राय आहे. निर्मात्याने या ओळखीचाच उपयोग करून घेतला होता.

१९३३ च्या अखेरीस ‘कीपर ऑफ द कीज’ या नाटकानिमित्त तो काही काळ ब्रॉडवेवर परतला. पण तेथेही पूर्वीचे स्थान उरले नव्हते. दिग्दर्शक व्हेल याने मात्र त्याची आठवण ठेवली. ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१९३३) मध्ये वार्ताहराचे लहानसे काम आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३५) मध्ये कार्ल ही भूमिका त्याने फ्रायला दिली. ताज्या काळजासाठी एका तरुणीचा खून करणाऱ्या कार्लला कृत्रिम मानव अखेरीस मनोऱ्यावरून फेकून देतो. या भूमिकेस मूळ चित्रणात एक उपकथानक होते: कार्ल आपल्या चुलत्याचा खून करतो व त्याचे खापर कृत्रिम मानवावर फोडतो. प्रदर्शनापूर्वी चित्रपटाची लांबी कमी करताना हा भाग गाळण्यात आला. चित्रपटाच्या गतीस त्याने लाभ झाला, हे मान्य करावयास हवे; परंतु भूमिकेतील स्वतंत्र असे जे काही होते, तेच नेमके निघून गेले.

‘द क्राइम ऑफ डॉक्टर क्रेस्पी’ (१९३५) हा एडगर ॲलन पो याच्या कथेवरून सुचलेला, न्यूयॉर्कमध्ये अल्प खर्चात काढलेला चित्रपट एरवी सामान्य आहे. त्यात एरिख फोन श्ट्रोहाइम याने दुष्ट शल्यविशारद रंगविला असून, त्याच्यावर संशय घेऊन पुरलेला माणूस उकरून काढणाऱ्या सहकारी डॉक्टरचे काम फ्रायकडे आहे. सभ्य, शिकलेला आणि न्यायाच्या बाजूचा माणूस त्याला पडद्यावर क्वचितच करावयास मिळाला. त्या मोजक्या कामांत हे मोडते. ‘समथिंग टू सिंग अबाउट’ (१९३७) या जेम्स कॅग्नीच्या संगीतपटात त्याला हॉलिवुडमधील केशरचनाकाराचे छोटे विनोदी काम मिळाले व ते त्याने झकास वठविले आहे.

१९३८ च्या उन्हाळ्यात लॉस अँजेल्सच्या एका चित्रपटगृहाने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ एकाच खेळात पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. प्रेक्षकांच्या रांगा लागल्या. हा जोडखेळ देशभर चालला आणि काही वर्षे थांबलेली भयपटांची निर्मिती युनिव्हर्सलने पुन्हा सुरू केली. तिचे पहिले फळ ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’. या दोन्ही जुन्या चित्रपटांत असलेल्या फ्रायला नव्या चित्रपटात गावकऱ्याचे किरकोळ काम देण्यात आले. ते प्रसंगही संकलनात कापले गेले. चित्रपटाची नायिका जोझेफिन हचिन्सन होती. ब्रॉडवेवर ज्याची नायिका म्हणून तिने काम केले होते, तो चौदा वर्षांनी तिच्या चित्रपटात पडद्यावर दिसण्याइतकाही उरला नव्हता.

यानंतरची त्याची चित्रपटांतील कामे बहुधा नोकर, हेर, गुंड किंवा जमावातील एखादा माणूस अशी आहेत. व्हेलच्या ‘द मॅन इन द आयर्न मास्क’ (१९३९) मध्ये तो सेवक आहे. ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४२) व ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ (१९४३) यांत गावकरी. ‘डेड मेन वॉक’ (१९४३) या चित्रपटात रक्तपिपासू पिशाचाचा कुबडा सेवक झोलार ही त्याची अखेरची ठळक भूमिका होय. रेनफील्डची निष्ठा आणि फ्रिट्झचे कुबड यांची ही बेरीज पाहताना पटकथेपेक्षा जुन्या चित्रपटांच्या आठवणीवरच पात्र लिहिले गेल्याचे जाणवते. चित्रपट सुमार आहे. फ्राय मात्र त्यातही काम उरकून टाकताना दिसत नाही.

चित्रपटांवर कुटुंबाचा निर्वाह होईनासा झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो दिवसा मिळतील ती कामे करी आणि रात्रपाळीला एका विमान कारखान्यात अवजारांचे आराखडे तयार करी. त्याला हृदयविकार जडला होता. परंतु ख्रिश्चन सायन्स या पंथाचा अनुयायी असल्यामुळे त्याने औषधोपचार घेतले नाहीत व घरच्यांपासूनही दुखणे लपविले. १९४३ च्या शरद ऋतूत ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या संस्थेने राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या जीवनावर काढावयाच्या ‘विल्सन’ या भव्य रंगीत चित्रपटासाठी त्याची निवड केली. विल्सन यांचे युद्धमंत्री न्यूटन बेकर यांच्याशी त्याच्या चेहऱ्याचे साम्य होते आणि बेकर यांचीच भूमिका त्याला मिळाली. अनेक वर्षांनी प्रथमच वेड, कुबड व खून यांच्याशी संबंध नसलेले महत्त्वाचे काम त्याच्याकडे आले होते. चित्रीकरणास आरंभ होण्यापूर्वीच, ७ नोव्हेंबर रोजी, कुटुंबीयांसह चित्रपट पाहून घरी परतत असता तो बसमध्ये कोसळला व त्याच रात्री इस्पितळात मरण पावला. त्या वेळी तो ४४ वर्षांचा होता. मृत्यूच्या दाखल्यात व्यवसायाच्या रकान्यात अवजारांचा आराखडाकार अशी नोंद करण्यात आली. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथील दफनभूमीत त्याचे दफन झाले. बेकर यांची भूमिका पुढे रेजिनल्ड शेफील्ड याने केली.

युनिव्हर्सलचे जुने भयपट १९५७ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविले जाऊ लागले आणि फ्रायच्या निधनानंतर वाढलेल्या पिढीस तो नव्याने परिचित झाला. ॲलिस कूपर या रॉक गायकाने १९७१ मध्ये ‘बॅलड ऑफ ड्वाइट फ्राय’ हे गीत प्रसिद्ध केले. त्यातील निवेदक वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण आहे आणि कूपर ते अंगाला जखडणारा, रुग्णांना घालतात तसा अंगरखा घालून रंगमंचावर सादर करीत असे. गीताच्या शीर्षकात आडनाव अखेरच्या ‘ई’ शिवाय, म्हणजे जन्मनावाप्रमाणे लिहिले आहे. फ्रायचे एक विस्तृत चरित्र १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या तीन लेखकांपैकी एक फ्रायचा मुलगा होता.